काखेतली भगभग आणि ध्यान: एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. वय ५३, राहणार सिंहगड रस्ता, बँकेत नोकरी. अडीच वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. मग केमो, रेडिएशन, आता आजार उलटू नये म्हणून लेट्रोझोलची गोळी चालू आहे. रिपोर्ट सगळे चांगले. पण काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला सारखी आग होते, ब्लाउजची शिवण सहन होत नाही, रात्री झोप मोडते. डॉक्टर म्हणतात नसांचं आहे, हळूहळू कमी होईल. मुलगी म्हणते माइंडफुलनेस कर, जाऊबाई म्हणतात इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला दहा दिवस जाऊन ये. ‘ध्यानाने दुखणं जातं का? जात असेल तर मग ते माझ्या मनातच होतं का? आणि मला मांडी घालून बसता येत नाही, गुडघे धरतात. खुर्चीवर चालेल का?’

ताई, मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते. पुण्यात गेली वीसेक वर्षं मी कॅन्सरच्या पेशंटबरोबर मानसोपचाराचं काम करते आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ दुखण्यावरच जातो. तुम्ही विचारलंत तरी. बऱ्याच जणी हा प्रश्न तोंडाने विचारतच नाहीत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसतात. मनात असतं, ‘सायकॉलॉजिस्टकडे पाठवलंय, म्हणजे मी उगाच बाऊ करते असं डॉक्टरांना वाटतंय.’

तुमचं दुखणं नसेचं आहे, आणि त्या नसेला नावसुद्धा आहे: इंटरकॉस्टोब्रेकियल. दुसऱ्या फासळीच्या खालून निघते, काख ओलांडते आणि दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीला संवेदना पुरवते. काखेतल्या गाठी काढताना ती सर्जनच्या वाटेतच येते. कधी ताणली जाते, कधी कापावी लागते. दुखावलेली नस गप्प बसत नाही. काहीही लागलेलं नसताना ‘लागलं, लागलं’ असा निरोप वर पाठवत राहते, आणि महिनोन्‌महिने तेच ऐकून मेंदू आणि मज्जारज्जूही हळवे होतात, बारीकशा निरोपालाही दचकायला लागतात. म्हणूनच एकाच जागेवर बोट लावलं तर बधिर लागतं आणि ब्लाउजची शिवण घासली तर जीव जातो, हा विचित्र प्रकार होतो. डेन्मार्कमध्ये तीन हजारांहून जास्त स्त्रियांना ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांनी विचारलं होतं. २००९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४७ टक्के जणींना तेव्हाही दुखत होतं. ज्यांच्या काखेतल्या गाठी पूर्ण काढल्या होत्या, ज्यांनी रेडिएशन घेतलं होतं आणि ज्या वयाने लहान होत्या, त्यांच्यात प्रमाण जास्त. यात मनाचा दुबळेपणा कुठे आला?

तरी मी मनाचं काम करणारी बाई, आणि तुमच्या दुखण्यात मला काम आहे. ते कुठे, हे सांगण्याआधी एक वेगळीच गोष्ट सांगते.

पहिल्या भेटीत मी कुणालाही डोळे मिटायला लावत नाही. मी शब्द विचारते. ‘खूप दुखतं’ हे उत्तर चालत नाही. आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत की मला कधी कधी छापील प्रश्नावल्या वापरायची गरजच पडत नाही. भगभगतंय का चिरचिरतंय? ठसठसतंय का ठणकतंय? कळ येते, चमक येते, का आत कुठेतरी सल आहे? रग लागते, ओढ बसते, अवघडतं, मुंग्या येतात, हुळहुळतं? बायका क्षणभर थांबतात, आणि मग दुखण्याकडे नीट बघायला लागतात, बऱ्याचदा अडीच-तीन वर्षांत पहिल्यांदाच. तोवर त्यांनी त्याच्याकडे फक्त पाठ फिरवलेली असते.

या शब्दांचा डॉक्टरांनाही उपयोग होतो. भगभग, चिरचिर, विजेसारखी चमक हे सहसा नसेचं. हात वर नेताना छातीपासून ओढ बसते, ते व्रणाची कातडी आणि रेडिएशनने आखडलेले स्नायू यांचं, तिथे फिजिओथेरपिस्ट हवा. हात जड वाटतो, बांगडी किंवा अंगठी रुतते, ते सुजेचं, म्हणजे लिम्फिडिमाचं. तळव्यांना, बोटांच्या टोकांना मुंग्या असतील तर पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोच्या औषधाची आठवण. आणि सकाळी उठल्यावर बोटांच्या मुठी वळत नाहीत, गुडघे धरतात, ते लेट्रोझोलमुळे असण्याची शक्यता मोठी. ताई, तुमच्या छोट्याशा पत्रात मला निदान दोन वेगळी दुखणी दिसतात. तुम्ही त्यांना एकाच गाठोड्यात बांधलं आहे आणि त्या गाठोड्याला कॅन्सर हे नाव दिलं आहे.

आता ध्यान. माइंडफुलनेसला मराठीत सजगता म्हणतात, मला ‘भान’ हा शब्द जास्त आवडतो. हॉस्पिटलात ते आणलं जॉन कबाट-झिन यांनी, १९७९ साली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात. त्यांच्याकडे सुरुवातीला आलेल्यांत जुनाट दुखण्याची अशी माणसं बरीच होती, ज्यांना इतर उपचारांनी आराम पडला नव्हता. आठ आठवडे, दर आठवड्याला दोन-अडीच तासांचा वर्ग आणि रोज घरी सराव. मूळ बौद्ध परंपरेतलं, पण बसवलं दवाखान्याच्या वेळापत्रकात. पुढे त्यातूनच नैराश्यासाठी विचारांवर जास्त काम करणारी शाखा निघाली, आणि डेन्मार्कमध्ये ती नेमकी तुमच्यासारख्या स्त्रियांवर तपासली गेली: स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या आणि दुखणं मागे राहिलेल्या १२९ जणी. २०१६ साली निष्कर्ष आले. दुखण्याची तीव्रता कमी झाली, तो फरक सहा महिन्यांनीही टिकला, आणि दुकानातून आपल्या आपण आणून घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचा वापर घटला. फरक किती? लहान ते मध्यम. हा शब्द मी पेशंटना मुद्दाम सांगते. माझ्या खोलीत बसून बघितलेलं सांगायचं तर दुखणं किती, याला दहापैकी सात म्हणणारी बाई दोन-तीन महिन्यांनी पाच म्हणते, पण त्या पाचाबरोबर ती झोपते, बँकेत जाते आणि लग्नात जेवायला थांबते. जिचं दुखणं जराही हललं नाही अशाही मी पाहिल्या आहेत.

मग नेमकं घडतं काय? रात्रीचे अडीच वाजले आहेत. काखेत चमक आली. ती चमक तीन-चार सेकंदांची, आणि ती नसेची. त्यावर माझा इलाज नाही. पण पाचव्या सेकंदाला मनात येतं, ‘परत आलं का?’ मग पुढचा स्कॅन, मागच्या स्कॅनची रात्र, मुलीचं लग्न, वॉर्डात शेजारच्या कॉटवर असलेली ती बाई, जी आता नाही. एवढ्यात खांदा कानापर्यंत चढलेला असतो, दात आवळलेले, श्वास वरच्या वर. वीस मिनिटं खांदा तसा धरला की स्नायू खरोखरच दुखायला लागतात, आणि मग मन म्हणतं, ‘बघ, वाढलंच.’ चार सेकंदांचं दुखणं आणि दीड तासाचा त्रास. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि माझं सगळं काम त्यांच्या मधल्या फटीत चालतं. फ्लोरिडात स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या ३२२ जणींना सहा आठवड्यांचा असाच कार्यक्रम दिला, तेव्हा आजार उलटण्याची भीती आणि थकवा हेच उतरले. मला त्याचं नवल वाटलं नाही.

प्रयोगशाळेतही ही फट मोजली गेली आहे. २०११ च्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या पोटरीला चटका बसेल एवढी उष्णता दिली. चार दिवसांच्या ध्यानाच्या सरावानंतर चटक्याची तीव्रता ४० टक्क्यांनी कमी वाटली आणि त्याचा नकोसेपणा ५७ टक्क्यांनी. नकोसेपणा जास्त उतरला, ते बघा. पण ती माणसं अवघी पंधरा, तरुण, आणि चटका बंद होणार हे त्यांना माहीत होतं. तुमची भगभग तशी बंद होत नाही, त्यामुळे ते आकडे स्वतःला लावून निराश होऊ नका.

इथे एक चूक सांगते, माझीच. बऱ्याच वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे येत. शिस्तीच्या, गृहपाठ चुकवायच्या नाहीत. मी त्यांना म्हटलं होतं, ‘जे होतंय ते नुसतं बघत राहा.’ पुढच्या वेळी त्या अभिमानाने म्हणाल्या, ‘चाळीस मिनिटं बसले, हात फुटायची वेळ आली तरी हलले नाही.’ मी हात बघितला. मनगटापासून सुजलेला, गरम, लाल. पंधरा दिवस त्या ते ‘बघत’ होत्या. कुणाला सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा. जंतुसंसर्ग झाला होता, अँटिबायोटिक लागलं. आपल्याकडच्या बायकांना सोसायचं वेगळं शिक्षण द्यावं लागत नाही, ते बाळंतपणाच्या आधीपासून झालेलं असतं, आणि माझ्या त्या एका वाक्याने त्या सोसण्यावर ध्यानाचं लेबल लागलं. तेव्हापासून पहिल्याच दिवशी सांगते: भान ठेवायचं ते वेळेवर बोलण्यासाठीसुद्धा. हात सुजला, लाल किंवा गरम झाला, ताप आला. नवी गाठ लागली. हाडात नवं दुखणं सुरू झालं, ते रात्री जास्त आहे आणि आठवड्यागणिक वाढतंय. पाठदुखीबरोबर पायातली शक्ती कमी झाली. दम लागतोय: यातलं काहीही झालं तर गादीवर बसायचं नाही, फोन उचलायचा. पाय लुळे पडणं, दम लागणं आणि तापाबरोबर लाल झालेला हात यांना तर त्याच दिवशी.

आता प्रत्यक्ष कसं करायचं, ते तुमच्या बेताने.

पहिले दोन आठवडे शवासनासारखं पडा, पण डावा हात उघडा टाकू नका. दंडाखाली घडी केलेला टॉवेल किंवा मऊ उशी असू द्या, म्हणजे काख ताणली जाणार नाही. डोळे मिटायची सक्ती नाही. मोबाईलवरचं बहुतेक मार्गदर्शन ‘छातीवर लक्ष न्या, श्वास छातीत येतो-जातो ते बघा’ असं सुरू होतं. ज्या बाईची छाती ऑपरेशनची आहे तिला पहिल्याच मिनिटाला जखमेच्या दारात नेऊन उभं करण्यासारखं आहे ते. तुम्ही तळपायांपासून सुरू करा. टाच गादीला कुठे टेकली आहे, बोटांमध्ये हवा लागते का, पायमोज्याची कड कुठे आहे. पाय संपले की उजवा तळहात. नाहीतर कान: सकाळी सातला सिंहगड रस्त्यावर ऐकायला काय कमी आहे? घंटागाडी, शेजारचा कुकर, बसचा ब्रेक. आवाज चांगला-वाईट ठरवायचा नाही, आला की आला म्हणायचं. दहा मिनिटं पुष्कळ झाली. मन पळेल, आणि पळालं हे कळलं की परत पायांवर यायचं. हे परत येणं हाच सराव आहे, त्यामुळे शंभरदा पळालं तर शंभरदा सराव झाला.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखण्याच्या काठापर्यंत जा. मध्यात नाही, काठावर. भगभग कुठे संपते आणि बरी कातडी कुठे सुरू होते ती रेघ शोधा. रेघ हलते, हे तुमच्या लक्षात येईल. तीन श्वास तिथे, मग परत पायांवर. पुन्हा काठावर, पुन्हा पायांवर. घाटावरून पाण्यात पाय बुडवून बाहेर काढावा तसं. सरळ उडी घेतलेल्या बायका दुसऱ्या दिवशी येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

याच सुमारास बऱ्याच जणींना रडू फुटतं. ऑपरेशनच्या वेळी, केमोच्या वेळी सगळं घर सांभाळायचं होतं, तेव्हा रडायला सवड नव्हती. येऊ द्या. मात्र ऑपरेशनच्या किंवा आयसीयूच्या आठवणी डोळ्यांपुढे उभ्या राहून धडधड थांबत नसेल, झोप आणखी उडाली असेल, किंवा जगणं नको असं वाटत असेल, तर सराव तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा सायकॉलॉजिस्टशी बोला. ध्यान प्रत्येकाला प्रत्येक वेळी झेपतंच असं नाही.

गादीवरचा सराव दिवसात उतरला नाही तर त्याचा फारसा उपयोग नाही. दोरीवर कपडे वाळत घालताना, पोळ्या लाटताना, स्कूटरचा डावा ब्रेक दाबताना दुखणं वाढतं, हे तुम्हाला माहीतच आहे. पण वाढण्याच्या आधी काहीतरी होतं: खांदा चढतो, जीभ टाळ्याला चिकटते, श्वास अडतो. प्रत्येकीची ही खूण वेगळी. ती सापडली की आठव्या पोळीला थांबायचं का बाराव्या, हे कळतं. बाराव्या पोळीपर्यंत रेटून मग दोन दिवस हात गळ्यात बांधायचा, हे आपल्याकडे फार चालतं. सहाव्या पोळीला लाटणं खाली ठेवून दोन मिनिटं बसलात तर पुढच्या सहा होतात, नाहीतर कुणीतरी दुसरं लाटेल. घरात मुलगी आहे, आणि यजमानांनाही हात आहेत.

पदराचंही सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. पदर डाव्या खांद्यावर, व्रण डावीकडे, पिनही तिथेच. ज्यांची शिवण टोचते त्यांना मी शिंपिणीकडे पाठवते: काखेची शिवण बाहेरच्या बाजूला घ्यायची, आतून जुन्या मलमलीचं अस्तर. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाने चिरचिर वाढते, तेव्हा बँकेत सैल कुर्ता. पन्नास रुपयांच्या अस्तराने जे होतं त्यासाठी ध्यान करू नये.

इगतपुरीबद्दल. विपश्यनेबद्दल मला आदर आहे, मी स्वतः बसलेली आहे. पण पहाटे चारला उठायचं, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसायचं, दहा दिवस मौन: नसेचं दुखणं, लेट्रोझोलचे सांधे आणि मोडलेली झोप घेऊन सुरुवात तिथून करू नये. जाऊबाईंना सांगा, पुढच्या वर्षी बघू. तेव्हाही तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून, आणि केंद्राला आजार व औषधं आधी स्पष्ट कळवून. मुळशीकडच्या रिसॉर्टवर शनिवार-रविवारी होणाऱ्या ‘हीलिंग’ शिबिरांबद्दल माझं मत लिहीत नाही. एवढंच विचारा: आठ आठवडे नियमित वर्ग आहे का, शिकवणाऱ्याने दुखण्याच्या पेशंटबरोबर काम केलंय का, आणि तुमची औषधं काय चालू आहेत हे त्याने विचारलं का. जो गोळ्या बंद करा म्हणेल, त्याच्या समोरून तिथल्या तिथे उठा.

औषधांचं काम माझं नाही, पण एक माहीत असू द्या. नसेच्या दुखण्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फार चालत नाहीत. त्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं आहेत. तुम्हाला कुठलं, किती, हे डॉक्टर ठरवतील. ‘कमी होईल’ एवढ्यावर अडीच वर्षं गेली असतील तर पेन क्लिनिकची चिठ्ठी मागा, ती मागायला लाजू नका. आपल्याकडे वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. पॅलिएटिव्ह म्हटलं की लोकांना शेवट दिसतो, पण दुखणं उतरवणं हा त्या शास्त्राचा गाभाच आहे, आणि ते आजाराच्या कुठल्याही टप्प्यावर घेता येतं.

आणि गुडघे. लेट्रोझोल मनाने बंद करू नका, ती गोळी आजार उलटू नये म्हणून आहे. ती घेणाऱ्या बायकांचे सांधे नियमित व्यायामाने हलके होतात. येल विद्यापीठाने १२१ जणींवर वर्षभर हे पाहिलं, आणि चालणं व वजनांचे व्यायाम करणाऱ्यांचं, सांधे सर्वांत जास्त दुखतात तेव्हाचं माप २९ टक्क्यांनी उतरलं. याच सांधेदुखीसाठी कॅन्सरतज्ज्ञांच्या २०२२ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत ॲक्युपंक्चरलाही जागा आहे. सकाळी गुडघे मोकळे व्हायला किती मिनिटं लागतात ते आठवडाभर कॅलेंडरवर लिहा आणि पुढच्या भेटीत तो कागद दाखवा. डॉक्टरांना गोळी बदलायची की नाही हे ठरवायला त्याची मदत होते.

राहिला खुर्चीचा प्रश्न. खुर्ची चालते, नुसती चालतेच नाही, तुम्हाला तीच हवी. हात टेकायला दांडे असलेली, फार मऊ नको. डाव्या हाताखाली उशी, इतकी की खांदा आपोआप खाली येईल. पाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली एखादा पाट घ्या, देवघरातला सोडून.